सोडचिठ्ठी, पाट आणि निरनिराळ्या राज्यांतील काडीमोडीचे कायदे

महाराष्ट्रांतील जुनीं दप्तरें सोडवूं लागलें म्हणजे सनदा, महजर, निवाडपत्रें व वतनपत्रें यांच्या रुमालांत मधूनमधून एक लहानसा सुटा कागद हातीं येतो. त्यावर शिक्का नसतो, एखाद्या नामांकित पुरुषाचें नांव नसतें, आणि राजकारणाचा तर गंधही नसतो. कोणा एका कुणब्यानें किंवा सुतारानें पंचांसमक्ष आपल्या बायकोस लिहून दिलेली ती सोडचिठ्ठी असते. संग्राहक असा कागद बाजूस ठेवितात, आणि बहुधा तो बाजूसच राहतो. मोठ्या दप्तरांची निवड करणारांनींही असेंच केलें. १९३० ते १९३४ या काळांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले. त्यांत राजकारण व मोहिमा यांनाच मोठा वांटा मिळाला. तें त्या वेळच्या गरजेस धरूनच होतें. तथापि विवाहसंबंध तोडणें व पुन्हां जोडणें यांचे नियम निरनिराळ्या राज्यांत कसकसे बदलत गेले हें ज्यास पाहावयाचें असेल त्यास या सुट्या कागदाकडेच वळावें लागतें. हा कागद आज केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नसून, कायद्यानें त्यावर मोठा भार टाकिला आहे, हें दाखविण्याचा या लेखांत आमचा उद्देश आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. विवाह मोडण्यास मराठींत रूढ असलेला काडीमोड हा शब्द सभेसमक्ष गवताची काडी मोडण्याच्या प्रत्यक्ष विधीवरून आला आहे. काडी मोडली म्हणजे संबंध तुटला, हें लिहितां-वाचतां न येणाऱ्यासही डोळ्यांनीं दिसे. दुसरा शब्द फारखत. हा फारसी दप्तरी भाषेंतील 'फारिगखती' या शब्दाचा अपभ्रंश होय. सावकारानें कर्ज फिटल्यावर ऋणकोस लिहून द्यावयाची ती फारखत, आणि नवऱ्यानें बायकोस लिहून द्यावयाची तीही फारखतच. दोन्ही ठिकाणीं अर्थ एकच, कीं यापुढें लिहून देणाराचा कांहीं दावा उरला नाहीं. आमच्या पूर्वजांनीं देण्याघेण्याच्या व्यवहारांतील शब्द येथें निःसंकोचपणें योजिला यावरूनच ही गोष्ट त्यांच्या दृष्टीनें कोणत्या सदरांत मोडत होती तें कळतें. तिसरा शब्द पाट किंवा मोहतूर. स्त्रीचें लग्न एकदांच लागतें. त्यानंतर विधवेनें किंवा सोडचिठ्ठी मिळालेल्या स्त्रीनें जो संबंध करावयाचा तो पाट. या शेवटच्या भेदांत सर्व व्यवस्थेचें मर्म आहे. लग्न हा संस्कार असल्यामुळें तो पुन्हां होत नसे. पाट हा संस्कार नव्हता, पण अनीतीही नव्हती. ज्ञातीनें मान्य केलेला तो दुय्यम प्रतीचा विवाहच होता.

शास्त्रग्रंथांकडे पाहिलें तर त्यांचा सूर एकसारखा नाहीं. मनुस्मृतीवर भर देणारे निबंधकार स्त्रीचा पुनर्विवाह निंद्य मानितात. नारद व पराशर यांच्या स्मृतींत मात्र पति बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक ठरला किंवा पतित झाला, तर अशा पांच आपत्तींत स्त्रीस दुसरा पति सांगितला आहे. कौटिल्य तर याहूनही पुढें जातो. परस्परांचा द्वेष असेल तर पतिपत्नींनीं एकमेकांस सोडावें, एकाच पक्षाची इच्छा नसल्यास सोडतां येणार नाहीं, आणि धर्मविवाहांस हा मोक्ष लागू नाहीं, असा त्याच्या मताचा सारांश आहे. वाचकांनीं येथें एक सन ध्यानांत ठेवावा. अर्थशास्त्राची मूळ संहिता आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केली. म्हणजे एकोणिसाव्या शतकांत ज्या न्यायाधीशांनीं काडीमोडीची चाल हिंदुधर्मशास्त्राच्या तत्त्वांशीं विसंगत ठरविली, त्यांच्यापुढें हा ग्रंथ नव्हताच.

मराठेशाहींत ब्राह्मण व त्यांच्या चालीनें वागणाऱ्या ज्ञाती यांत स्त्रीस पुनर्विवाह नव्हता. सदाशिवरावभाऊ १७६१ सालीं पानिपतावर पडले कीं वांचले याचा निर्णय त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं कधींच मान्य केला नाहीं. तोतयाचें प्रकरण होऊन १७७६ सालीं त्यास देहदंड झाला, तरी बाई १७८३ सालीं निवर्तेपर्यंत सौभाग्यचिन्हें धारण करूनच राहिल्या. बेपत्ता पतीची आपत्ति पराशरानें सांगितली असली तरी वाड्यांत तिचा उपयोग नव्हता. याउलट शेती, गुरें व कारागिरी यांवर निर्वाह करणाऱ्या बहुतेक ज्ञातींत पाट सर्रास चाले. पाट रात्रीं लावीत, आणि त्यास बहुधा कृष्णपक्ष पाहत. पूर्वीं लग्न न झालेल्या पुरुषास पाट लावावयाचा असल्यास त्याचें आधीं रुईच्या झाडाशीं लग्न लावीत, कारण पहिला संस्कार पाटानें होत नाहीं ही समजूत. पहिला नवरा जिवंत असल्यास पाटापूर्वीं त्याची सोडचिठ्ठी अवश्य लागे. ती पंचांसमक्ष व्हावयाची, आणि बहुधा तींत पहिल्या घरचे दागिने परत करणें व मुलांचा ताबा या दोन गोष्टींचा उलगडा व्हावयाचा. दुसरा नवरा पहिल्याचा लग्नखर्च भरून देई अशीही चाल पुष्कळ ठिकाणीं होती.

या व्यवहाराशीं सरकारचा संबंध कोठें येई? पाटदाम या नांवानें पाटावर एक कर घेतला जाई. करामागें सरकारचा हेतु उत्पन्नाचा होता, सुधारणेचा नव्हता, हें उघड आहे. परंतु त्याचा परिणाम इतिहासकारास मोठा उपयोगी झाला. ज्या संबंधावर सरकार दाम घेतें तो संबंध सरकारास मान्य असतो. आणि ज्याचा दाम जमेस धरला त्याची नोंद कोठें तरी राहते. अशा रीतीनें त्या राज्यांत काडीमोड व पाट यांस तीन साक्षी होते: काडी पाहणारे पंच, लिहिलेली चिठ्ठी, आणि जमाखर्चांतील रक्कम. या तिन्हींपैकीं पुढें कोणता साक्षी कोणत्या राज्यानें ठेविला व कोणता काढून टाकिला, हाच या विषयाचा पुढील इतिहास होय.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत नव्या सरकारानें प्रथम चालीरीतींची चौकशी आरंभिली. दक्षिणेंतील ज्ञातींचे नियम ऑर्थर स्टील यांनीं संकलित केले व तो ग्रंथ १८२७ सालीं सरकारच्या आज्ञेनें छापला गेला. गुजरातेकडील ज्ञातींची तशीच चौकशी बोराडेल यांनीं केली. स्टीलच्या ग्रंथांत सोडचिठ्ठी व पाट यांची माहिती ज्ञातीज्ञातींकडून घेऊन नोंदली आहे, म्हणून या विषयाच्या अभ्यासकास तो टाळतां येत नाहीं. त्याच १८२७ सालच्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमांत, लागू कायदा नसेल तेथें देशाची वहिवाट पाहावी, आणि तिच्यामागून प्रतिवादीचा कायदा पाहावा, असा क्रम सांगितला आहे. म्हणजे मुंबई इलाख्यांत ग्रंथापेक्षां वहिवाट श्रेष्ठ हें तत्त्व कागदावर तरी पहिल्यापासून होतें.

न्यायालयांत मात्र वहिवाटीची परीक्षा होऊं लागली. १८६४ सालीं मुंबई हायकोर्टापुढें करसन गोजा याचा खटला आला. तळपदा कोळी ज्ञातींत नवऱ्याच्या हयातींत व त्याच्या संमतीवांचून स्त्रीस नातरें करतां येतें, ही चाल कोर्टानें अग्राह्य ठरविली. १८७६ सालच्या संभु रघू याच्या खटल्यांत कोर्ट आणखी पुढें गेलें. विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीस पुन्हां विवाह करण्याची परवानगी देण्याचा ज्ञातीस अधिकार नाहीं, आणि ज्ञातीच्या परवानगीनें आपला विवाह कायदेशीर झाला अशी प्रामाणिक समजूत असली तरी ती बचाव होऊं शकत नाहीं, असा निर्णय झाला. १९१५ च्या एका निकालांत, एका पक्षाच्या इच्छेविरुद्ध पैसे भरून विवाह मोडण्याची चाल नीतिविरुद्ध ठरली. मद्रासेस मात्र १८९४ सालीं, परस्परसंमतीनें व लग्नखर्च परत करून होणाऱ्या काडीमोडीच्या चालींत कांहींएक अनीति नाहीं, असें हायकोर्टानें म्हटलें. दोन्ही इलाख्यांचे निकाल एकत्र वाचले तर उभयतांची संमति असेल तेथें चाल टिकली, व एकट्या स्त्रीची इच्छा असेल तेथें ती मोडली, असें सामान्यतः दिसतें. पंचांचा साक्षीपणा येथें गेला; चिठ्ठी तेवढी उरली, आणि तीही नवऱ्याच्या हातची असेल तरच.

या निकालांचा भार कोणावर पडला हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. १८६० च्या दंडसंहितेच्या ४९४ व्या कलमान्वयें पहिला विवाह कायम असतां दुसरा निरर्थक विवाह करणारास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. हिंदु पुरुषास अनेक बायका करण्याची मोकळीक असल्यामुळें त्याचा दुसरा विवाह निरर्थक ठरतच नसे, व हें कलम त्यास लागत नसे. तें लागे तें स्त्रीस, आणि तिच्याशीं पाट लावणारास मदतनीस म्हणून. १८७६ नंतर पंचांवर विसंबून पाट लावणारी स्त्री ज्या गोष्टीस पेशवाईंत दाम भरी तिच्यासाठींच तुरुंगाच्या दारीं उभी राहिली. मधल्या पन्नास-साठ वर्षांत तिच्या गांवांतील चाल बदलली नव्हती. साक्ष कोणाची घ्यावयाची एवढेंच बदललें होतें.

रखमाबाईंचा प्रसिद्ध दावा या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखा आहे. त्या सुतार ज्ञातीच्या. त्यांच्या मातोश्रींनीं वैधव्यानंतर ज्ञातीच्या चालीप्रमाणेंच डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला होता. पति दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं लावलेला दावा न्यायमूर्ति पिन्हे यांनीं १८८५ सालीं फेटाळला. परंतु अपिलांत तो परत पाठविला गेला, आणि १८८७ च्या मार्चमध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं नवऱ्याकडे जावें अथवा सहा महिने कैद भोगावी असा हुकूम केला. अखेर १८८८ सालीं २,००० रुपये देऊन तडजोड झाली. ज्या ज्ञातींत पुनर्विवाहाची चाल नांदत होती तिच्यांतील स्त्रीस हायकोर्टांत सुटकेचा मार्ग म्हणून शेवटीं पैशाची तडजोडच उरावी, यांतील विसंगति वाचकांच्या लक्षांत येईलच. १८६५ चा पारशी विवाहाचा कायदा, १८६६ चा धर्मांतरितांचा व १८६९ चा ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा हे यापूर्वींच झाले होते. हिंदु स्त्रीकरितां इलाख्यांत असा कांहींच कायदा नव्हता.

संस्थानांत स्थिति निराळी झाली. कोल्हापुरांत छत्रपति शाहू महाराजांनीं १९१७ सालीं विधवाविवाहाच्या नोंदणीचा कायदा केला, व १९१९ सालीं स्त्रियांस क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. काडीमोडीसंबंधींचे नियमही त्याच काळचे. पाटदामाच्या वेळची नोंद येथें पुन्हां आली, पण आतां ती करासाठीं नसून स्त्रीच्या हक्कासाठीं होती, हा भेद महत्त्वाचा आहे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९३१ सालीं हिंदु घटस्फोटाचा कायदा केला. पति बेपत्ता होणें, संन्यास घेणें, धर्मांतर, क्रौर्य, त्याग अशीं कारणें त्यांत आहेत. पराशराच्या आपत्ति व नव्या काळचें न्यायशास्त्र यांची गांठ त्यांत पडलेली दिसते. ज्या ज्ञातींत काडीमोड कधींच नव्हती त्यांतील स्त्रियांसही या कायद्यानें मार्ग मोकळा केला. मुंबई इलाख्यास तेथें पोंचण्यास आणखी १६ वर्षें लागलीं. आणि तोंपर्यंत बडोद्याच्या हद्दींतील गांवची स्त्री जें मागूं शके तें शेजारच्या खालसा गांवची स्त्री मागूं शकत नसे.

दक्षिणेकडे कोचीनमध्यें १९२० सालीं व त्रावणकोरांत १९२५ सालीं नायर ज्ञातीकरितां कायदे झाले, आणि मद्रासेस १९३३ सालीं मरुमक्कतायम् कायदा आला. त्रावणकोरी कायद्यांत उभयतांनीं नोंदणी केलेल्या लेखानें विवाह मोडण्याची सोय होती, हें आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावें. सरकारी नोंदणीची जोड मिळालेली ती सोडचिठ्ठीच होय. उभयतांचा लेख आणि सरकारची वही, हे पूर्वींचे दोन साक्षी तेथें एकत्र बसविलेले दिसतात.

गोव्यांत तिसराच प्रवाह होता. तेथील हिंदूंच्या चालीरीतींची संहिता पोर्तुगीज सरकारनें १६ डिसेंबर १८८० रोजीं मंजूर केली. पोर्तुगालांत प्रजासत्ताक स्थापन होतांच ३ नोव्हेंबर १९१० रोजीं घटस्फोटाचा कायदा झाला, व त्यांत परस्परसंमतीचा घटस्फोटही होता. पुढें १९४० सालीं पोपशीं झालेल्या करारास अनुसरून १९४६ च्या हुकुमानें चर्चमध्यें लागलेल्या विवाहांपुरती ही मोकळीक आंखडली. १९६१ सालीं गोवा मुक्त झाल्यावरही तेथील जुने विवाहविषयक कायदे चालू ठेवण्यांत आले. त्यामुळें एकाच सह्याद्रीच्या दोन बाजूंस, एकच भाषा बोलणाऱ्या लोकांस, विवाहाचे निरनिराळे कायदे आजही लागू आहेत.

१९४६ सालीं मुंबई सरकारानें हिंदूंतील द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा केला, आणि १९४७ सालीं हिंदु घटस्फोटाचा. सलग चार वर्षें त्याग हें त्यांतील एक कारण. त्याचा अर्थ काय घ्यावा याचा उहापोह सर्वोच्च न्यायालयानें १९५६ सालीं विस्तारानें केला. मद्रासेनें १९४९ सालीं दोन्ही विषय एकाच कायद्यांत घातले, व सौराष्ट्रानें १९५२ सालीं आपला कायदा केला. १९४९ सालीं १ मार्चला कोल्हापूर व १ मेला बडोदें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. द्विभार्याप्रतिबंधावर घटनेच्या आधारें आक्षेप आला तो १९५१ सालीं न्यायमूर्ति छगला व गजेंद्रगडकर यांनीं फेटाळला. अखेर १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें हे सर्व प्रांतिक भेद पुसून टाकिले. मूळ कायद्यांत विवाहानंतर तीन वर्षें अर्ज करण्यास साधारणतः बंदी होती, व घटस्फोट मिळाल्यावरही पुनर्विवाहास एक वर्ष थांबावें लागे. १९७६ च्या दुरुस्तीनें पहिली मुदत एक वर्षावर आली व दुसरी अजिबात गेली. अपिलाची वाट मोकळी होईपर्यंत थांबणें तेवढें उरलें. परस्परसंमतीचा घटस्फोटही त्याच दुरुस्तीनें आला. कौटिल्यानें जो मार्ग सांगितला, कुणब्याच्या पंचायतीनें जो चालविला व गोव्यांत जो १९१० पासून होता, तो हिंदु विवाह कायद्यांत यावयास १९७६ साल उजाडलें.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. १९५५ च्या कायद्याच्या २९ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानें वहिवाटीनें मिळणारा काडीमोडीचा हक्क अबाधित ठेविला आहे. म्हणजे ज्या ज्ञातींत ती चाल आहे तींत सोडचिठ्ठी आजही सर्वस्वीं मेलेली नाहीं. मात्र चाल आहे असें म्हणणारानें ती पुराव्यानें शाबीत केली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं हेंच बजाविलें, कीं अशी चाल सर्वसामान्य कायद्यास अपवाद असल्यामुळें ती स्पष्टपणें मांडून सिद्ध केली पाहिजे. ती सिद्ध न झाली तर दुसरा विवाह निरर्थक ठरतो, पोटगीचा व वारशाचा प्रश्न उभा राहतो, आणि दंडसंहितेचें कलमही जागें होतें. १ जुलै २०२४ पासून तेंच भारतीय न्याय संहितेंत ८२ व्या क्रमांकावर आहे. पाटदाम भरणाऱ्या स्त्रीस असा पुरावा कोणी मागितला नसता, कारण सरकारची वहीच तिची साक्ष होती. आज पुरावा मागितला जातो, आणि तो आमच्या रुमालांत पडला आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे, कीं सोडचिठ्ठी, फारखत व पाट यांचे कागद सांपडल्यास ते क्षुद्र समजून टाकूं नयेत, व मूळ रुमालांतून तोडूनही ठेवूं नयेत. तो कागद कोणत्या गांवच्या कोणत्या घराण्याच्या दप्तरांत, कोणत्या कागदांच्या शेजारीं होता, यावरच चालीचा पुरावा अवलंबून असतो. मोडींतील मजकुराची नक्कल करतांना शक, फसली किंवा सुहूर सन, महिना व तिथि हीं मुळाप्रमाणें द्यावींत. ज्ञातीचा उल्लेख गाळूं नये. देण्याघेण्याच्या रकमा व दागिने लिहावे. आणि शेवटच्या निशाण्या अवश्य उतरून घ्याव्यात. पाटलाचा नांगर आपण ओळखतों व कौतुकानें छापतों. स्त्रीच्या नांवापुढें बांगडीची निशाणी असेल तर तिच्याकडे अधिक लक्ष द्यावें. ती असणें म्हणजे चिठ्ठी तिला नुसती दिली गेली नाहीं, तिचीही त्यांत संमति धरली होती, याचें तें चिन्ह असूं शकतें. आणि न्यायालयांनीं शंभर वर्षें ज्या एका प्रश्नावर चालींची पारख केली तो संमतीचाच प्रश्न होता. गांवच्या जमाखर्चांत पाटदामाची रकम आढळल्यास तीही सालवार टिपावी. चिठ्ठी एका घराची गोष्ट सांगते. जमाखर्च सबंध गांवची चाल सांगतो. दोन्ही एकत्र मिळाले म्हणजेच वहिवाट सिद्ध होते.

अशा कागदांची गांववार व ज्ञातिवार यादी अद्याप तयार व्हावयाची आहे. ती झाली तर मराठी मुलुखांतील विवाहसंस्थेचा इतिहास ग्रंथांतील वचनांवरून न लिहितां लोकांच्या वर्तनावरून लिहितां येईल. आणि ज्या स्त्रियांचीं नांवें कोणत्याही बखरींत आलीं नाहींत त्यांनीं आपल्या आयुष्याचा एक निर्णय कोणासमक्ष, कोणत्या दिवशीं व कोणत्या अटींवर केला, हें त्यांच्या निशाणीसह आपणांस वाचावयास मिळेल.